घोडं पेंड खातं ते कुठं?

ताई, नमस्कार.

आम्ही फलटण तालुक्यातले. आमचे हे २२ वर्षं फौजेत होते, खेचरांच्या पलटणीत. दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनीत आले. गावात सगळे मेजरच म्हणतात. आल्यापासून रात्रीची झोप नाही. तीनला उठून अंगणात फेऱ्या मारतात. नववीतल्या मुलाच्या हातून दार आपटलं तर अंगावर धावून जातात आणि मग दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या पाच महिने चालू आहेत, त्यानं झोप जरा लागते. सध्या एका पतसंस्थेत बंदूक घेऊन वॉचमनची ड्यूटी करतात. वरती बर्फात असताना त्यांचा एक जोडीदार खेचरासकट दरीत गेला, एवढं सासऱ्यांकडून कळलंय. आम्हाला ते काही सांगत नाहीत. मधूनच म्हणतात, "मी तिकडंच राहायला पाहिजे होतो."

यंदा चांदोबाच्या लिंबाला माउलींचं उभं रिंगण बघायला गेलो होतो. अश्व धावला आणि हे मटकन खाली बसले. ढसाढसा रडले, अंगाला दरदरून घाम. लोक म्हणाले, माउलीनं दर्शन दिलं. तेव्हापासून माझ्या मनात आहे की घोड्याचा यांना गुण येईल. माझ्या भावानं मोबाईलवर जाहिरात दाखवली. पुण्याजवळ एका फार्मवर घोड्यांची थेरपी आहे, १२ वेळा जायचं, ३६,००० रुपये. 'नैराश्य मुळासकट, गोळ्यांशिवाय' असं लिहिलंय. फोन केला तर म्हणाले, पहिल्या दिवसापासून गोळ्या बंद करा. गळ्यातलं मोडलं तर पैसे उभे राहतील. नेऊ का?

– एक बहीण, फलटण तालुका

वहिनी,

घोड्याचं नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. "मी तिकडंच राहायला पाहिजे होतो." जोडीदार गेला आणि आपण राहिलो, ही बोच फौजेतून आलेल्या पुष्कळांना असते. तसं बोलणारा प्रत्येक जण जिवाचं बरंवाईट करून घेतो असं मुळीच नाही. पण मेजरांच्या मनात काय आहे ते मला पत्रावरून कळणार नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधत बसू नका. विचारा. मुलगा शाळेत गेला की चहाचा कप हातात देऊन सरळ विचारा, "तुम्ही असं म्हणता तेव्हा जीव द्यायचं मनात येतं का?" विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी आपल्याकडे भीती असते. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून उलट हायसं वाटतं. 'हो' म्हणाले, किंवा काही न बोलता त्यांनी तोंड फिरवलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर १४४१६ लावा. हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आणि ती बंदूक. ती मेजरांच्या स्वतःच्या लायसनची असेल तर सध्या घरात नको. पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा ठेवता येते. पतसंस्थेला सांगून काही महिने बिनबंदुकीची ड्यूटी मिळते का बघा. फौजी माणसाला हत्यार खाली ठेव म्हणणं सोपं नाही, म्हणून हे तुमच्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून जाऊ द्या. डॉक्टरांना मात्र मेजरांच्या हाताशी बंदूक असते हे ठाऊक हवं. मला शंका आहे की ते अजून त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता रिंगण. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथंच थांबले. माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावताना भल्याभल्यांचे डोळे भरून येतात, मीही त्यातलीच. पण तुम्ही जे लिहिलंय ते तसं वाटत नाही. मटकन बसणं, दरदरून घाम, ढसाढसा रडणं, आणि समोर काय तर लाखाच्या गर्दीतून धावत सुटलेलं जनावर. ज्या माणसाचा जोडीदार खेचरासकट दरीत गेला, त्याच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी माउली उभी होती की ती दरी? हे मी इथं बसून ठरवू शकत नाही. पण तुम्ही ज्याला गुण समजताय ती जखमेवरची खपली निघणं असू शकतं. घोडं पेंड खातंय ते इथं.

म्हणजे बघा, शहरातल्या कुणा मुलीला परीक्षेच्या ताणावर घोड्याकडे पाठवायचं असतं तर मी फार खोलात गेले नसते. तिच्यासाठी घोडा म्हणजे नवं जनावर, त्याच्याशी तिची काही जुनी गाठ नाही. मेजरांची आहे. तबेल्याचा वास, लिदीचा वास, ओल्या दोरखंडाचा हाताला लागणारा पीळ, नालांचा दगडावरचा आवाज, यात त्यांची २२ वर्षं आहेत आणि ती एक दुपारही आहे. त्यामुळे घोडा त्यांना इतर कुणापेक्षा लवकर बोलतं करेल, किंवा इतर कुणापेक्षा जास्त मोडेल. दोन्ही शक्य आहे. शेजारी कोण उभं आहे, यावर ते ठरेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी अशा एका ठिकाणी मला पाहायला बोलावलं होतं. घोडा शर्यतीतून निवृत्त झालेला, तांबूस रंगाचा, थोराड. आलेले गृहस्थ पन्नाशीचे, बँकेतले. त्यांना काम दिलं होतं एवढंच, की मोरकीचा दोर हातात धरायचा, ओढायचं नाही, आणि घोड्याला पलीकडच्या झाडापर्यंत न्यायचं. घोडा चार पावलं चालला आणि वळला. कोपऱ्यात गाईसाठी ठेवलेलं पेंडीचं पोतं होतं, त्यात त्यानं सरळ तोंड घातलं. आम्ही सगळे हसलो. खरोखरीच पेंड खाणारं घोडं मी पहिल्यांदा बघत होते. ते गृहस्थ हसले नाहीत. दोर ओढायला लागले, मग जोरात ओढायला लागले, मानेच्या शिरा ताठ. घोडा ढिम्म. मोतद्दार पुढे होणार तोच तिथल्या मानसतज्ज्ञ बाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि त्या गृहस्थांना हळू आवाजात विचारलं, "आत्ता कुणी आठवलं का?"

बराच वेळ फक्त पेंड चावल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "आई." शेवटच्या दोन महिन्यांत आईनं अन्न सोडलं होतं. हे रोज ऑफिसातून येऊन चमचा घेऊन बसायचे, आणि एका संध्याकाळी रागाच्या भरात त्यांनी तिचं तोंड बळेच उघडलं होतं. दीड वर्ष हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

घोड्यानं काय केलं? पेंड खाल्ली. बाकी सगळं त्या बाईंनी केलं. पुढचा अर्धा तास त्या त्यांच्याबरोबर तिथंच उलट्या बादलीवर बसून होत्या आणि मोतद्दार घोड्याकडे बघत होता. त्या दिवशी त्या बाई तिथं नसत्या, तर ते गृहस्थ सगळ्यांची माफी मागून, कपडे झटकून, आत उघडं पडलेलं तसंच घेऊन घरी गेले असते. म्हणून या उपचाराची जी धड पद्धत आहे तिच्यात दोन माणसं लागतात, एक मनाचं जाणणारं आणि एक घोड्याचं जाणणारं. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या इगाला या संस्थेच्या पद्धतीत तर घोड्यावर बसायचंच नसतं, सगळं काम जमिनीवर उभं राहून. जवळ जायचं, खरारा करायचा, दोर धरून चालवायचं, आणि त्यात जे वर येईल त्यावर बोलायचं.

जाहिरातवाले सांगतात की घोड्याला माणसाच्या मनातलं कळतं. मनातलं नाही हो, अंगातलं कळतं. घोडा हे शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग सोडला तर त्याला चौफेर दिसतं. जवळ आलेल्या प्राण्याचे खांदे ताठ आहेत का, श्वास कसा चाललाय, पाऊल कसं पडतंय, यावर त्याच्या पूर्वजांचा जीव वाचलेला आहे. २०१६ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांचे रागीट आणि हसरे चेहरे मोठ्या फोटोंत दाखवले होते. रागीट चेहऱ्याकडे ते जास्त करून डाव्या डोळ्यानं बघत आणि त्यांच्या छातीचे ठोके लवकर चढत. मेजरांना हे सांगायला गेलात तर ते हसतील, खेचरं सांभाळलेल्या माणसाला यात नवं काय! हसले तर बरंच आहे.

याचा उपयोग किती होतो? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नेमका माजी सैनिकांवरच प्रयोग झाला. आघातानंतरचा ताण, म्हणजे ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, तो असलेले ६३ जण, आठवड्यातून एकदा दीड तास, असे आठ आठवडे. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून जास्त जणांचा त्रास बऱ्यापैकी उतरला. ऐकायला चांगलं आहे, आणि मलाही ते आशेचं वाटतं. पण घोडा नसलेली दुसरी तुकडी तुलनेला घेतलेली नव्हती. त्यामुळे गुण घोड्याचा, का बरोबरच्या फौजी मित्रांचा, का दर आठवड्याला घराबाहेर पडण्याचा, हे त्यातून ठरत नाही. त्याआधी २०१४ मध्ये अशा १४ अभ्यासांची छाननी झाली होती, आणि मानसिक आजारांवर घोड्यांचा उपचार लागू पडतो असं म्हणायला भक्कम आधार नाही असाच निकाल निघाला होता. तेव्हा मूळ उपचाराच्या जोडीला हे करून बघण्यासारखं आहे. 'मुळासकट' आणि 'गोळ्यांशिवाय' हे शब्द वापरणाऱ्यापासून लांब राहण्यासारखंही आहे.

तुमच्या भावानं जाहिरातीचा फोटो पत्रासोबत पाठवला ते बरं केलं. तिच्यात वर घोड्यावर बसलेल्या एका बाईंचं जुनं चित्र आहे आणि खाली 'ऑलिंपिकमध्ये सिद्ध झालेली थेरपी'. त्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय कामातून गेले, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा, आणि तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या स्पर्धेत, रौप्यपदक जिंकलं. (त्याआधीच्या ऑलिंपिकपर्यंत ड्रेसाजमध्ये फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांना उतरता यायचं. बायकांना बंदी आणि हवालदारालाही बंदी, हे मेजरांना जरूर सांगा.) गोष्ट खरी आणि मोठी आहे. त्यांच्याकडे बघून युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारी सुरू झाली. पण ते शरीराचं काम. घोड्याच्या चालीनं बसणाऱ्याची कंबर आपण चालताना हलते तशी हलते, म्हणून फिजिओथेरपिस्ट सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाल अवघड झालेल्या, मुलांसाठी तिचा वापर करतात. तुमच्या घरातला प्रश्न वेगळा आहे. ज्याला हा फरक कळत नाही, किंवा कळूनही जो झाकतो, त्याच्या हातात मी माझा माणूस देणार नाही.

गोळ्यांवर तर चर्चाच नको. पाच महिने चाललेल्या गोळ्या एका दिवसात तोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड आणि आत्ता कुठं लागायला लागलेली झोप पुन्हा उडणं, हे सगळं येऊ शकतं, आणि मूळ त्रास उलटू शकतो. गोळी कमी करायची की वाढवायची ते लिहून देणाऱ्यानं ठरवायचं. फोनवर, पेशंटला न बघता, 'पहिल्या दिवसापासून बंद' म्हणणारा माणूस उद्या काही झालं तर फोन उचलेल का, एवढाच विचार करा. गळ्यातलं गळ्यात राहू द्या.

मग करायचं काय? तुमच्याकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असणारच. पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवणी होते, ती घ्या, आणि त्या डॉक्टरांना रिंगणातली गोष्ट जशी घडली तशी सांगा. आत्तापर्यंत 'झोप नाही, चिडचिड आहे' एवढंच सांगितलं असेल तर त्यांनी झोपेचं आणि चिडचिडीचं औषध दिलं असेल, त्यांचा काय दोष? अशा आघातावर बोलून करायचे खास उपचारही आहेत. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी आणि ईएमडीआर ही त्यांची नावं कागदावर लिहून न्या आणि जवळपास कुठं मिळतील ते विचारा. त्यांच्यामागचा पुरावा घोड्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

आणि डॉक्टरांनी मान हलवली तर घोडा वर्ज्य नाही. पण तेव्हाही आधी फार्मवर तुम्ही आणि भाऊ जाऊन या, मेजरांना न नेता. घोड्याशेजारी मानसतज्ज्ञ कोण उभं राहणार ते विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक असतो, तो मागायला लाजू नका. माजी सैनिकाबरोबर त्यांनी आधी काम केलंय का विचारा. तेच घोडे संध्याकाळी वरातीला जातात का हेही विचारा, कारण बँडसमोर रात्रभर नाचवलेलं जनावर सकाळी कुणाचं मन काय सांभाळणार? त्याच्या पाठीवर खोगिराचे वळ आहेत का, पाणी कुठं ठेवलंय, माणूस जवळ गेल्यावर कान मागे पाडतं का, हे बघा. खरं तर हे बघायला मेजरांइतका जाणता माणूस त्या फार्मवरही नसेल. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या, तबेल्यात त्याचे जंतू असतातच.

एक गोष्ट मला खटकली, रागवू नका. तुमच्या पत्रात रिंगणातल्या लोकांचं मत आहे, भावाचं आहे, फार्मवाल्याचं आहे. मेजरांचं नाही. त्यांना पुन्हा जनावराजवळ जायचंय का, हे त्यांना कुणी विचारलंय? कदाचित नको म्हणतील, आणि ते नको ऐकावं लागेल. कदाचित म्हणतील, लांबून बघतो. कुंपणाच्या अलीकडे उभं राहून बघणं हीसुद्धा सुरुवातच असते, आणि धड जागा असेल तर तिथं कुणी त्यांना आत ढकलणार नाही.

त्या दरीबद्दल मात्र तुम्ही विचारू नका, निदान आत्ता नको. ते बोलायचं ठिकाण डॉक्टरांची खोली. घरात बोलायला दुसरं आहे. मुलाला पेडोंगीची गोष्ट शोधायला सांगा. आपल्या लष्करातली खेचरी, १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवरची मशीनगन आणि दारूगोळा तसाच घेऊन आपल्या ठाण्यावर चालत परत आली. पुढे दिल्लीत तिला निळ्या मखमलीची झूल देऊन गौरवलं. खेचरांच्या पलटणीतल्या माणसाला ती ठाऊक असणारच. पोरानं जेवताना नुसतं विचारावं, "पप्पा, हे खरं आहे का?" आणि ऐकत बसावं. उत्तर नाही आलं तर भाकरी पुढे सरकवावी आणि दुसरं काही बोलावं.

दार आपटण्याचं म्हणाल, तर बिजागरीला तेल घाला आणि चौकटीला रबराची पट्टी मारा. वीस-पंचवीस रुपयांचं काम आहे. मुलाला वेगळं बसवून सांगा की पप्पा त्याच्यावर चिडत नाहीत, आवाजावर चिडतात. नववीतल्या पोराला हे कळतं. आणि मेजर खरंच हात उगारायला लागले तर त्याला घेऊन शेजारी जा, तिथं उभं राहून समजूत घालत बसू नका.

पॉलिक्लिनिकला जाल त्या दिवशी पिशवीत चालू गोळ्यांची पाकिटं, जुनी चिठ्ठी, कार्ड आणि ती जाहिरातही घाला, डॉक्टरांना दाखवायला. मेजर बरोबर यायला तयार नसतील तर पहिल्या खेपेला तुम्ही एकट्या जा.

– तुमची ताई